टीका आणि आलोचना

परवा पाहुण्यांसमोर मी सुनेला म्हटलं, "पुरणपोळी चिवट झालीये गं." चिवट होतीच. पण संध्याकाळी भांडी आवरताना ती म्हणाली, "आई, चूक जरूर सांगा, पण चारचौघांत नको." मला राग आला. इतक्या वर्षांचा हात माझा, आणि ही मला शिकवणार! दोन दिवस घुम्यासारखी वावरले.

वीरसेन आचार्यांनी षट्खंडागमावर 'धवला' लिहिली, तिलाही आपण टीकाच म्हणतो. तिथे टीका म्हणजे अवघड ते उलगडून सांगणं. तुम्हीच सांगा, मी काय उलगडलं? कणीक घट्ट होती, तेल कमी पडलं होतं, हे एकदाही बोलले नाही. आणि आलोचना म्हणजे तर गुरूंपुढे स्वतःचेच दोष सांगणं. ते आम्ही दशलक्षण पर्वापर्यंत राखून ठेवतो!

बी.कॉम.ला ऑडिट शिकले होते. ऑडिटर नोंदीवर बोट ठेवतो, मुनीमजींच्या अकलेवर नाही.

काल कणीक मीच भिजवली, चांगली सैल. तिला जवळ बोलावून म्हटलं, "परवा माझं चुकलं." ती हळूच म्हणाली, "आई, मीठ राहिलंय." चाखून पाहिलं. राहिलं होतं.