विश्लेषण : महाड-पोलादपूरमध्ये बीए करून पुढे काय?

बारावीनंतर सायन्स झेपत नाही किंवा मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च परवडत नाही, तेव्हा महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील अनेक घरांत एकच पर्याय उरतो, तो म्हणजे बीए. ‘निदान पदवी तरी होईल’ असे म्हणत हा प्रवेश घेतला जातो. आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचनाच बदलली आहे. या बदलात कला शाखेचे स्थान काय आणि अशा भागात तिची गरज आहे का?

बीए हा ‘उरलेला’ पर्याय का ठरला?

आजूबाजूला पाहिले की कारण कळते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधांचे कारखाने आहेत. तिथे केमिस्ट्रीचा बीएस्सी, डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांना काम मिळते. शेजारच्या माणगाव तालुक्यात, लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कला शाखेच्या पदवीधरासमोर मात्र सरळ नोकरीचा रस्ता नाही. त्याच्यासाठी बीएड करून शिक्षक भरतीची वाट पाहणे, स्पर्धा परीक्षा किंवा चाकरमानी म्हणून मुंबई गाठणे हेच मार्ग आहेत.

सरकारी सवलतीही याच दिशेने जातात. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने २०२४ मध्ये पूर्ण माफ केले, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून एसटीने कॉलेजला येणारी मुलगी बीए करत असेल, तर ही सवलत तिच्यासाठी नाही.

मग ही पदवी हवीच कशाला?

याचे एक उत्तर महाडच्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या समुदायाचे नेतृत्व डॉ. आंबेडकरांनी केले. त्यांची मुंबई विद्यापीठाची पदवी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांतली होती. कोलंबिया विद्यापीठातही त्यांनी अर्थशास्त्रासोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचा अभ्यास केला होता.

सत्याग्रहानंतर प्रकरण कोर्टात गेले. तळे अस्पृश्यांना बंद असण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, असा दावा विरोधकांनी केला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी अनादी प्रथा त्यांना सिद्ध करता आली नाही. म्हणजे निकाल फिरला तो एका इतिहासाच्या प्रश्नावर : ‘पूर्वापार’ म्हणून जे सांगितले जाते, त्याला पुरावा काय? जुना कागद वाचणे, दावा तपासणे आणि तो मुद्देसूद मांडणे हेच कला शाखेने शिकवायचे असते.

आज इथे त्याचा उपयोग काय?

महाड तालुक्यातील रायगडासह ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाडजवळच गांधारपाले लेणी आहेत. पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसरेंचे उमरठ आहे. पर्यटक वाढले की हॉटेले उभी राहतात. पण माहिती अचूक सांगणारे मार्गदर्शक, फलक लिहिणारे आणि दोन-तीन भाषांत बोलू शकणारे लोक लागतात, ते कुठून येणार?

दुसरे उदाहरण दुःखद आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. धोक्याचे शास्त्रीय मोजमाप भूवैज्ञानिक करतील. पण पूर्वी माती कुठे सरकली होती, झरा कुठे नव्याने फुटला, पुनर्वसनाला लोक का कचरतात, हे वाडीवाडीत बसून, ऐकून लिहून काढावे लागते. हे काम भूगोल आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे.

नव्या रचनेत काय बदलले?

संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी ती आहे. संशोधनासह ऑनर्स करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील विषय, क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही श्रेयांक आहेत. रायगडावरचे किंवा दरडप्रवण वाडीवरचे काम आता थेट पदवीत मोजले जाऊ शकते.

राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायांवर खुणा करण्याऐवजी आता विचार करून लिहावे लागते. सलग लिहिण्याची सवय असलेल्यांना त्याचा फायदा होईल.

अडचण कुठे आहे?

महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, तर पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांत एका विषयाला एखाद-दुसराच प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे शिक्षक असे चित्र असेल, तर प्रकल्प घरबसल्या उतरवलेल्या वहीपुरता उरतो. कामाचा अनुभव द्यायला मोठ्या शहरात वर्तमानपत्रे, संग्रहालये, संस्था असतात. इथे ती जागा नगरपालिका, पंचायत समिती, ग्रंथालये, किल्ल्याचे जतन करणाऱ्या यंत्रणा आणि कारखान्यांची कार्यालये यांनीच द्यावी लागेल.

एक धोका आणखी आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा लवचीक आहे खरी, पण गरीब घरात ती शिक्षण थांबवण्याचे निमित्तही ठरू शकते.

२०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्यांची तीन वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील. तेव्हा त्यांच्या हातात गुणपत्रिकेसोबत आपल्या तालुक्याबद्दलचे एखादे खरे, तपासलेले काम असेल का? ‘बीए करून पुढे काय’ याचे उत्तर बरेचसे त्यावर ठरेल.