‘काळजी घेण्यात येईल’ हे उत्तर नव्हे!

खाणीचा परवाना मागणाऱ्याने जनतेच्या पर्यावरणविषयक आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे, असे कायदा सांगतो. परंतु उत्तर कशास म्हणावयाचे? हा प्रश्न जनता स्वतः हाती घेत नाही तोवर जनसुनावणी म्हणजे निव्वळ एक सोपस्कार राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या गोव्याकडे पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला आणि तेथील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले व नव्या पट्ट्यांना पर्यावरण परवानाही नव्याने घ्यावा लागेल, असे बजावले. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या पट्ट्याचा लिलाव झाला आणि जनसुनावण्यांचे सत्र पुन्हा सुरू झाले. खाणी बंद पडल्याने कामगारांच्या व ट्रकवाल्यांच्या चुली थंडावल्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण पोटाचा प्रश्न खरा म्हणून विहिरीचा प्रश्न खोटा ठरत नाही!

गोव्यात एक टन खनिज काढावयाचे तर अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. त्या मातीचे डोंगर पावसाळ्यात धुपतात आणि गाळ खालच्या भातशेतीत व ओढ्यांत उतरतो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंपाने पाणी उपसतात आणि भोवतालच्या विहिरी आटतात. आता गंमत पाहा! खाणीच्या अहवालासाठी हवा व पाणी यांची मूळ पाहणी सर्वसाधारणपणे एकाच ऋतूत करावयाची असते आणि तो ऋतू पावसाळा सोडून! ज्या मोसमात घात होतो, नेमका तोच वगळून निर्धोकपणाची ग्वाही द्यावयाची, याला काय म्हणावे?

आणि आक्षेपांना उत्तरे मिळतात ती कशी? ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’, ‘नियमांचे पालन केले जाईल’. ही उत्तरे नव्हेत, तोंडाला पुसलेली पाने आहेत. खणण्यापूर्वी प्रत्येक विहिरीची पातळी वैशाखात किती व भाद्रपदात किती, हे मोजले काय? मातीचा ढीग कोठे, किती उंच, आणि गाळ बसविणाऱ्या तळ्यांत मुसळधार पावसाचे पाणी मावेल काय? दिवसाला ट्रक किती व कोणत्या रस्त्याने? विहीर आटल्यास कोणी, किती दिवसांत पाणी द्यावयाचे? आकडा, जागा, मुदत आणि जबाबदार माणूस या चार गोष्टी ज्यात आहेत, तेच उत्तर.

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जनतेच्या हाती काही हत्यारे दिली आहेत. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी मिळाली पाहिजे. सर्व कामकाजाचे चित्रण झाले पाहिजे. इतिवृत्ताचा सारांश सभेपुढे स्थानिक भाषेत समजावून सांगितला पाहिजे. उपस्थित झालेल्या महत्त्वाच्या आक्षेपांनुसार अर्जदाराने मूळ अहवालात व पर्यावरण योजनेत फेरफार केले पाहिजेत. खोटी माहिती दिल्यास किंवा जाणूनबुजून दडविल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

मात्र एक मोठी खोट आहे. अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देण्याचे बंधन आहे. शेकडो पानांचा मूळ ग्रंथ इंग्रजीतच राहतो. न कळणाऱ्या भाषेतील कागदाने माणूस आपल्याच गावात परका कसा होतो, हे सीमाभागातील मराठी जनतेस कोणी शिकवावयास नको. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत आणण्याचा आदेश दिला होता. मसुद्याला जो न्याय, तो प्रत्यक्ष गाव खणणाऱ्या अहवालाला का नको?

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की सुनावणीला रित्या हाताने जाऊ नका. विहिरींची नोंद, शेतांचे नकाशे आणि लेखी प्रश्न घेऊन जा. प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात उतरल्याशिवाय सभा सोडू नका. नुसत्या घोषणेने खाण थांबत नाही आणि नुसत्या आश्वासनाने विहीर भरत नाही. पुरावा मागा, तो आपल्या भाषेत मागा, आणि तो मिळेपर्यंत संमतीचा शब्द तोंडातून काढू नका!