फी माफ करा. परीक्षा माफ करू नका!

दिवाळी अंकात पिस्तुलावर लेख! रांगोळी, फराळ आणि भाऊबीज यांच्या पंक्तीत ही अभद्र वस्तू कुणी आणून बसवली, असे वाचक-भगिनी म्हणतील. त्यांची मी आधीच क्षमा मागतो. पण ज्या प्रसंगाने मला लेखणी हाती धरायला लावली, तो ऐन दिवाळीत घडला. आणि तोही माझ्याच घरात.

मी पोलीस खात्यातला निवृत्त माणूस. भरती झालो तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तो भंडाऱ्याच्या पोटात होता. १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या जंगलपट्टीत माझी बहुतेक नोकरी गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो, आणि पुढे पिस्तुलाचा परवानाही घेतला. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. नक्षलवाद्यांच्या मुलखात ज्याने रात्री काढल्या, त्याच्या कानातली चाहूल निवृत्तीच्या हुकुमाने थांबत नाही.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. नागपूरहून लेक, जावई आणि सहा वर्षांचा नातू आला होता. त्याला बाजारातून टिकल्यांचे पिस्तूल आणून दिले होते. मी अंगणात आकाशकंदील टांगत होतो. नातू आतून धावत आला. हातात माझे पिस्तूल. म्हणाला, "आजोबा, हे जास्त छान आहे. ह्याच्यात टिकल्या कुठे घालायच्या?"

कसा खाली उतरलो आणि कसे ते त्याच्या हातून काढून घेतले, ते आता आठवत नाही. कपाटाला कुलूप होते. पण किल्लीही कपाटालाच होती! पिस्तूल धोतरांच्या घडीखाली, आणि गोळ्या त्यातच भरलेल्या. रात्री सगळी निजल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही तर जन्मभर हेच केलंत ना?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज आहे, आणि तेच मी येथे मांडणार आहे. नाही, जन्मभर मी हे केले नव्हते. बंदूक घरात ठेवायला मी कधी शिकलोच नव्हतो.

नोकरीत काय असे? शस्त्रागारात जायचे, सही करायची, हत्यार घ्यायचे. काडतुसे मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची. एक जरी कमी आले, तरी चौकशी. हत्याराला रात्री निजायला लोखंडी दाराची खोली, दारावर पहारा, आणि त्या खोलीत पोरेबाळे नाहीत. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणतो की, इतक्या वर्षांत आमच्या हातून कधी अपघात झाला नाही. खरे आहे, पण ती पुण्याई आमच्या एकट्या हाताची नव्हती. त्या वहीची होती, त्या कुलपाची होती, त्या मोजणीची होती. निवृत्तीच्या दिवशी वही, कुलूप आणि मोजणी ठाण्यातच राहते. घरी येतो तो नुसता माणूस.

आणि तरीही आम्हा निवृत्तांच्या बैठकीत सूर कोणता? "आम्हाला कसली परीक्षा? आम्हाला सुरक्षेचा दाखला कोण मास्तर देणार?" शस्त्र नियम, २०१६ यांत परवाना मागणाऱ्याने हत्याराच्या सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे, असे सांगितले आहे. हत्यार कसे हाताळावे, कसे बाळगावे, कसे चालवावे, त्याची निगा कशी राखावी, ते घरात कसे ठेवावे आणि गावोगाव कसे न्यावे, हे त्यातले विषय. यातून माजी पोलिसांना सूट असावी, ही आमच्या मंडळींची इच्छा. मी म्हणतो, ही इच्छा खुळी आहे. आणि ती आमच्याच नातवंडांच्या जिवावर उठणारी आहे.

पोलीस म्हणजे का एकच हात आहे? कुणी जन्मभर गाडी हाकली, कुणी बिनतारी यंत्रावर बसला, कुणी कारकुनी केली, कुणी बँडात बिगुल वाजवला. सगळेच पोलीस म्हणून निवृत्त होतात. शिपायाच्या हाती लाठी असे, फार तर रायफल. शिवाय नोकरीत ज्या अधिकाऱ्याने नऊ मिलिमीटरचे पिस्तूल वापरले, त्यालाही सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. पॉइंट थ्री टूचे घ्यावे लागते. मग सूट द्यायची ती कशाला? हाताला, हत्याराला की नुसत्या निवृत्तीच्या कागदाला?

कायदा आमच्याहून शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सरकारी नोकराला मोकळीक आहे. पण ती 'कर्तव्य बजावीत असताना'. म्हणजे मोकळीक कर्तव्याला आहे, माणसाला नाही. कर्तव्य संपले की आम्हीही परवान्याच्या रांगेत. आणि २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. त्या कलमात माजी पोलिसाला सूट आहे काय? मुळीच नाही. शिक्षेत जर सूट नाही, तर शिक्षणात ती का मागावी?

कुणी अमेरिकेकडे बोट दाखवतील. जरूर दाखवावे. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात बंदूक घेणाऱ्याला तीस प्रश्नांची लेखी परीक्षा असते. त्यांतले तेवीस बरोबर यावे लागतात. सन्मानाने निवृत्त झालेल्या पोलिसाला मात्र या दाखल्यातून सूट आहे. झाले, आमच्या मंडळींना आधार मिळाला! पण त्याच देशाने २००४ साली निवृत्त पोलिसांना सगळ्या राज्यांत लपवून पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा कायदा केला, त्यातली अट कुणी वाचत नाही. ही मुभा हवी असेल, तर निवृत्ताने दर बारा महिन्यांनी नेमबाजीची कसोटी पुन्हा द्यायची, आणि तीही स्वखर्चाने. बंदुकांच्या त्या देशानेही माजी शिपायाच्या जुन्या कीर्तीवर संपूर्ण विश्वास टाकलेला नाही. साठीकडे झुकताना डोळे मंदावतात आणि हात कापतो, हे त्यांना कळले. आम्हाला अजून कळत नाही.

इकडे आमच्या झाडीपट्टीत धानाच्या बांधीत रानडुकरे शिरतात. पिकाच्या रक्षणासाठी भरमार बंदूक मागणारा शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. त्याला म्हणायचे, "शिकून ये," आणि मला म्हणायचे, "साहेब, बसा"? परवान्यासाठी ठाण्याचा अहवाल लागतो. तो माझ्याविषयी लिहिणार कोण? ज्याने काल मला सलाम ठोकला, तोच. त्या बिचाऱ्याने काय लिहावे? अशा वेळी दाखला हीच एक वस्तू अशी आहे, की जिला ओळखपाळख कळत नाही.

माझ्या दोस्तांचे एक म्हणणे मात्र मी डोक्यावर घेतो. ते म्हणतात, "आम्ही जंगलात जीव धोक्यात घातला. आमचे वैरी पेन्शनीत निघत नाहीत." अगदी खरे. २०१६ च्या नियमांतही पोलीस दलात नोकरी केलेल्या आणि जीव किंवा मालमत्ता राखण्याची खरी गरज असलेल्या माणसाच्या अर्जाचा विचार करावा, असे आहे. ते योग्यच आहे. गरज आहे त्याला परवाना जरूर द्या. पण गरज वेगळी आणि लायकी वेगळी. तहान लागली म्हणून पोहणे येत नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात हे शिक्षण जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातच द्यावे. पेन्शनरावर फीचा बोजा टाकू नये. शेवटच्या दिवशी घरातल्या बाईलाही बोलवावे आणि हत्यार कुठे राहील, गोळ्या कुठे राहतील, किल्ली कुणाकडे राहील, हे तिच्यादेखत ठरवावे. कारण त्या कपाटासमोर दिवसभर वावरणारी तीच असते. फी माफ करा, खेटे माफ करा. परीक्षा तेवढी माफ करू नका.

मी स्वतःपुरता नियम करून टाकला आहे. लोखंडी पेटी भिंतीत बसवली. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या. पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला, गोळ्यांची सौभाग्यवतीच्या कमरेला. रोज रात्री पेटी पाहिल्याशिवाय ती निजत नाही. आमच्या घरातली शस्त्रागाराची वही आता तीच आहे.

यंदाही नातू येणार आहे. टिकल्यांची दोन डब्या आणून ठेवली आहेत. तो अंगणात खुशाल फटफट वाजवो. आमच्या घरात बंदुकीचा आवाज एवढाच असावा, आणि वाचकहो, आपल्या घरातही.