शेतीशाळेचा हिशेब ग्रामसभेत कधी?

शेतीशाळा झाली, फोटो अपलोड झाले. पण शेतकरी काय शिकले, हे तपासायचे कोणी?

१९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय ठरवले. त्यात पहिलाच विषय कृषी आणि कृषी विस्ताराचा आहे. महाराष्ट्रात मात्र गावातला सहाय्यक कृषी अधिकारी राज्याच्या कृषी विभागाला उत्तरदायी असतो. ‘आत्मा’च्या जिल्हा नियामक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. जिल्हा परिषदेत कृषी समिती आहे, पण ही माणसे तिच्या हाताखाली नाहीत.

म्हणून हंगाम संपला की शेतीशाळेचा विषय, हजेरी आणि खर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. हजेरीत महिला शेतकरी किती, हेही सांगावे. पुढच्या हंगामाचा विषय गावानेच ठरवावा.