एकच कोच, एकच गोल्ड मेडल

स्पर्धा आली की मैत्री गेली, असं आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलंय. पीएल सुरू झाली की कालपर्यंत एका पातेल्यातली मॅगी खाणाऱ्या मुली नोट्स उशीखाली ठेवायला लागतात. प्लेसमेंटच्या दिवसांत तर विचारूच नका. इंटरव्ह्यू देऊन आलेलीला गाठलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, बेसिकच विचारलं!"

मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला दोन कॉलेजकुमारांची जुनी गोष्ट सांगते. कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या.

रेफर जॉन्सन आणि यांग चुआन-क्वांग. दोघंही लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचे. जॉन्सन कॅलिफोर्नियातल्या किंग्सबर्ग या छोट्या गावात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा, युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांचा अध्यक्षही झालेला. यांग तैवानच्या आमिस या आदिवासी जमातीतला, समुद्र ओलांडून शिकायला आलेला. दोघांचा खेळ एकच, डेकॅथलॉन. म्हणजे दोन दिवसांत धावणे, उड्या, फेकी मिळून दहा प्रकार आणि सगळ्यांच्या गुणांची बेरीज. मैदान एकच आणि कोचही एकच, डकी ड्रेक. रोजचा सराव बरोबर.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हे दोघं समोरासमोर आले. जॉन्सन अमेरिकेकडून, यांग तैवानकडून. दहापैकी सात प्रकारांत यांग जॉन्सनच्या पुढे होता! पण गोळा, थाळी आणि भाला या तीन फेकींत जॉन्सनने एवढे गुण कमावले की शेवटच्या १५०० मीटरआधी तो ६७ गुणांनी पुढे होता. यांगला गोल्ड हवं असेल तर ही शर्यत साधारण दहा सेकंदांच्या फरकाने जिंकायला हवी होती. आणि लांब पळण्यात यांग सरस, हे दोघांनाही माहीत होतं.

आता कोचची पंचाईत बघा. दोघंही त्याचेच. ड्रेकने यांगला सांगितलं, सुसाट सुट, तो तुझ्याबरोबर टिकणार नाही. आणि जॉन्सनला सांगितलं, त्याला सोडू नकोस, चिकटून राहा. दोघांनाही खरा आणि पूर्ण सल्ला. यांग जीव तोडून पळाला, जॉन्सन सावलीसारखा मागे. यांग पुढे आला, पण फक्त १.२ सेकंदांनी. जॉन्सनचे गुण ८३९२, यांगचे ८३३४. फरक ५८. शर्यत संपल्यावर दमलेल्या जॉन्सनने यांगच्याच खांद्यावर डोकं टेकवलं.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसऱ्या नंबरचा आकडा. सोव्हिएत युनियनचा कुझ्नेत्सोव्ह, पूर्वीचा विश्वविक्रमवीर, त्याचे गुण ७८०९. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात ५०० च्या वर अंतर! बरोबर तयारी करणारे दोघं बाकी जगाच्या एवढे पुढे निघून गेले. नोट्स लपवून आपण शेजारणीच्या दोन मार्क पुढे जाऊ, पण तिच्याबरोबर बसून केलं तर दोघी कुठे पोहोचू, याचा हिशोब कोणी करतच नाही.

कोणी म्हणेल, जिंकणाऱ्याला मैत्री परवडते, हरणाऱ्याचं काय? बरोबर आहे. पण यांगने मैत्री तोडली नाही. २००७ मध्ये तो गेला तोपर्यंत ती टिकली. पुढे १९६३ मध्ये त्याने ९१२१ गुणांचा विश्वविक्रमही केला. जॉन्सन २०२० मध्ये गेला.

दुसरी शंका, मदत म्हणजे असाइनमेंट छापायला देणं का? मुळीच नाही. जॉन्सनने यांगच्या वाटचा गोळा फेकला नाही की शेवटच्या फेरीत कोणी मुद्दाम हळू पळालं नाही. मैत्री म्हणजे सूट देणं नव्हे. समजावून सांगायचं, आणि पेपर आपापला लिहायचा.

तिथे तर गोल्ड मेडल एकच होतं. आपल्याकडे कंपन्या अनेक, ए ग्रेडही एकीपेक्षा जास्त जणींना मिळते. मग एवढी लपवाछपवी कशासाठी?

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक जाड वही ठेवू या. इंटरव्ह्यू देऊन आलं की काय विचारलं, कुठे अडलं, ते त्यात खरं खरं लिहायचं. रेक्टर मॅडम आणि सर, वहीचा खर्च मेसच्या बिलात लावलात तरी चालेल!