घाट पाठ, तरी दुबईत नापास

आमच्या गल्लीतल्या चाचांनी वीस वर्षं ट्रक चालवला. आंबा घाट त्यांना तोंडपाठ. दुबईला ड्रायव्हर म्हणून गेले, तर पुन्हा ड्रायव्हिंग स्कूल, पुन्हा टेस्ट. दोनदा नापास, दोनदा फी. ब्रिटन-जर्मनीचं लायसन्स तिथे टेस्ट न देता बदलून मिळतं, आपलं नाही. कुवेतमध्ये तर परदेशी कामगाराला लायसन्ससाठी साधारणपणे पदवी, 600 दिनार पगार आणि दोन वर्षांचं वास्तव्य लागतं. सूट मोजक्याच पेशांना. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा आणि ब्रेकचा काय संबंध?

हा भेदभावच आहे. पण आपणही आरशात बघू. माझं पहिलं लायसन्स एजंटने करून दिलं. टेस्ट म्हणजे मैदानात एक चक्कर. आपणच असं लायसन्स काढणार, मग त्यावर दुसऱ्यांनी विश्वास का ठेवावा? भोगतात मात्र चाचांसारखे, ज्यांना गाडी खरंच येते.

आखातात निघालेल्या पोरांनो, आरटीओत 1,000 रुपयांत वर्षभराचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळतं. पण यूएईत रहिवासी व्हिसा लागला की ते चालत नाही, तिथलंच लायसन्स लागतं. भरती करणारा एजंट हे सहसा सांगत नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा: स्कूलची आणि टेस्टची फी कोण भरणार? नापास झालो तर? लायसन्स हातात येईपर्यंत पगार चालू राहणार का? उत्तर तोंडी नको, करारात लिहून घ्या. चाचांनी घेतलं नव्हतं. त्यांच्या पगारातून ती फी अजून कापली जातेय.