सहा खंडांतील तिरंगा आणि नौदलाचे निशाण

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त भारतीय नौदलाने तिरंगा सहा खंडांत नेला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी मस्कत, सिंगापूर, मोंबासा, पर्थ, सॅन दिएगो, रिओ आणि लंडन येथे आपल्या नौकांच्या साक्षीने ध्वजवंदन झाले. लंडनचा मान शिडाच्या ‘तरंगिणी’ला मिळाला. ज्या पूर्व आफ्रिकेत पहिल्या महायुद्धात भारतीय जवान परक्या निशाणाखाली लढले, तेथे ‘त्रिकंड’ स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज घेऊन गेली. ऊर अभिमानाने भरून यावा, असाच हा सोहळा!

तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्याच नौकांच्या पिछाडीला फडकणाऱ्या नौदलाच्या निशाणावर त्या दिवशीही इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस होता. तिरंगा होता तो एका कोपऱ्यात. अटलजींच्या काळात, २००१ मध्ये, हा क्रूस हटला होता. पण नवे निळे चिन्ह समुद्र-आकाशाच्या निळाईत ओळखू येत नाही, या सबबीवर २००४ मध्ये तो परतला. अडचण रंगाची होती, तर रंग बदलायचा. परक्यांचे चिन्ह पुन्हा कशाला?

अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नव्या निशाणाचे अनावरण केले. क्रूस गेला आणि स्वराज्याचे आरमार उभारणाऱ्या शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. हुरहुर एवढीच, की हे अठरा दिवस आधी घडते, तर लंडनलाही ‘तरंगिणी’वर तीच मुद्रा दिसली असती.